हारूनभाईंच्या हातातला पट्टा

कुणाचा तरी गॉगल भाजीबाजारात कांद्याच्या गोणीवर राहिला, तर दुसरा माणूस काय करेल? स्वतःच्या डोळ्याला लावेल, नाहीतर तिथेच सोडून देईल. हारूनभाईंनी तो रुमालात बांधून वर्षभर जपला, मधूनमधून काढून पुसला, आणि ते ओमानी गिऱ्हाईक पुन्हा दिसलं तेव्हा त्याच्यामागे धावत जाऊन त्याच्या हातात ठेवला. गॉगल हरवला होता हेसुद्धा त्या माणसाच्या लक्षात नव्हतं. "अमानत हाय, रश्मीबाय," हारूनभाई मला म्हणाले होते. "लोकाची वस्तू आपल्याकडं पडून खराब झाली तर जाब कोन देनार?" मी हसले. या स्वभावातून केवढा घोळ उभा राहील याची तेव्हा मला सुतराम कल्पना नव्हती.

हारूनभाई दापोलीकडचे. मिसरूड फुटायच्या वयात मस्कतला आले ते इथेच राहिले. मवालेहच्या घाऊक बाजारात कांद्या-बटाट्याच्या एका ओमानी व्यापाऱ्याकडे, म्हणजे त्यांच्या अर्बाबकडे, माल उतरवून घेणाऱ्या मंडळींवर देखरेख करायची हे त्यांचं काम. ही गोष्ट बाजार शहराबाहेर खझाएनला हलायच्या आधीची. पहाटेची नमाज घरी पढून ते निघायचे, ट्रकांच्या रांगेत उन्हात उभे राहायचे आणि दुपारी घामाने खारवलेला शर्ट घेऊन घरी यायचे. घरी बायको खुदेजाभाभी. मुलगी झरीन पुण्यात फार्मसी शिकते.

आम्ही नांदेडचे. माझा नवरा अतुल अल् खुवैरला एका कंपनीत इंजिनियर आहे, मीही तिथेच जवळ एका ऑफिसात काम करते. नवीन असताना हापूस शोधत बाजारात गेलो होतो, तेव्हा हारूनभाईंनी आमच्या तोंडची मराठी ऐकली आणि आम्हाला ताब्यातच घेतलं. तेव्हापासून आठवड्याची भाजी त्यांनी निवडायची आणि जुम्म्याला भाभींच्या हातची तांदळाची भाकरी आम्ही खायची, हा रिवाज झाला.

खुदेजाभाभी कशा? कमी बोलणाऱ्या, सतत काहीतरी करणाऱ्या, आणि मधेच बसणाऱ्या. भांडी घासता घासता स्टुलावर बसायच्या, कपडे वाळत घालता घालता बादली पालथी करून तिच्यावर बसायच्या. हारूनभाई चिडवायचे, "आमच्या बेगमला उभ्याचा कंटाळा हाय." भाभी म्हणायच्या, "जाडी झालेय गो." आणि सगळे हसायचे. झरीनसुद्धा व्हिडिओ कॉलवर विचारायची, "अम्मी, आज किती वेळा बसलीस?"

आता मैत्रीचं सांगते. मैत्री माझी नणंद. तिने पीएच.डी.साठी थायलंडच्या विद्यापीठात नाव घातलं तेव्हा नातेवाइकांत एकच गिल्ला झाला. थायलंडला लोक फिरायला जातात, शिकायला कोण जातं! माझ्या सासूबाईंना, लीलावतीबाईंना, तेवढा आनंद झाला. त्यांना वाटलं पोरगी बुद्धाच्या देशात चालली, विहारात बसेल, ध्यान करेल. पोरगी जाऊन बसली प्रयोगशाळेत. तिथे डॉक्टर, इंजिनियर आणि शिक्षणशास्त्राचे लोक एकाच टेबलाभोवती बसून काम करतात, हे ती आम्हाला डोळे मोठे करून सांगायची. त्यांनी मनगटावर बांधायचा एक स्वस्त पट्टा तयार केला होता. भातशेतात राबणाऱ्या माणसांना ऊन लागण्याआधी, हृदयाचा ठोका चुकण्याआधी समजावं, आणि कमी शिकलेल्यालाही तो वापरता यावा, हा उद्देश. तिकडच्या शेतकऱ्यांवर झालं, आता आखातातलं ऊन बघायचं ठरलं. मैत्रीने रीतसर परवानग्या मिळवल्या आणि उन्हाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला आली.

अभ्यासाला हवे होते उघड्यावर काम करणारे पुरुष. हारूनभाईंनी आपल्यासकट बाजारातली माणसं गोळा करून दिली. मैत्रीने गोण्यांच्या आडोशाला उभं राहून साध्या मराठी-हिंदीत समजावलं, की पट्टा रात्रंदिवस कातडीला चिकटून हवा. काढून टेबलावर ठेवू नका. रिकामा पडला की त्याच्या नोंदी तुटतात, आणि मग आमची सगळी मेहनत वाया जाते.

"वाया नाय जानार," हारूनभाई म्हणाले. "अमानत हाय ती." मैत्री खूश झाली. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं तिने तिच्या प्राध्यापकबाईंना कळवलं. खरंच, सगळ्यांत अखंड नोंदी हारूनभाईंच्या यायच्या. बाकीच्यांचे पट्टे कधी उशीखाली, कधी बाथरूमच्या खुंटीवर. हारूनभाईंचा पट्टा कधी रिकामा नसायचा.

एका सकाळी मी डबा भरत होते. मैत्री लॅपटॉपसमोर बसली होती, तिच्या तोंडून विचित्र आवाज आला. मला वाटलं चहा सांडला. बघते तर तिचा चेहरा पांढराफटक. थायलंडहून निरोप आला होता: तुमच्या एका माणसाचं हृदय मधेच थांबतंय. एक ठोका, दोन ठोके नव्हे. चांगलं लांबलचक थांबतंय, मग पुन्हा चालू होतंय. ताबडतोब दवाखान्यात न्या.

"कोण गं?" मी विचारलं.

"वहिनी, हारूनभाई."

 कालच त्या माणसाने कलिंगडांची पेटी एकट्याने आमच्या गाडीत चढवली होती!

त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ऐकून ते हसले, मग हसू तसंच ओठावर राहिलं आणि त्यांनी हळूच छातीवर हात ठेवला. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंतीला धरलं आणि खाली बसल्या. त्या धक्क्यानेच बसल्या असं आम्ही समजलो. दुसरं काय समजणार?

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. चोख. रक्त तपासलं. चोख. छातीला तारा चिकटवून एक दिवस-रात्र घरी पाठवलं. तारांना पाणी लागू द्यायचं नव्हतं म्हणून वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, जपून कसं करायचं ते हारूनभाईंनी मौलानांना विचारून घेतलं. तोही अहवाल चोख. डॉक्टर म्हणाले, असं होतं, चोर कधी पोलिसासमोर येत नाही. पट्ट्याच्या नोंदी दाखवा. मैत्रीने दाखवल्या आणि तिथे एक गोष्ट उघड दिसली. हृदय थांबायचं ते नमाजच्या वेळांनाच. जुम्म्याच्या दुपारी तर जास्तच.

डॉक्टरांनी मान डोलावली. वाकल्यावर, डोकं जमिनीला टेकवल्यावर एखाद्याच्या नसेवर ताण येऊन ठोका मंदावतो, म्हणाले. काही दिवस खुर्चीवर बसून नमाज पढा. ओझं उचलू नका. आणि गाडी अजिबात चालवायची नाही. हायवेवर भोवळ आली तर स्वतः जाल आणि चार जणांना घेऊन जाल.

ज्या माणसाने तापातसुद्धा सजदा चुकवला नव्हता तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नमाज पढू लागला. अर्बाब भला माणूस. त्याने हारूनभाईंना ट्रकांवरून काढून सावलीत बसवलं आणि "खलास, हारून, आराम" म्हणाला. ते ऐकून हारूनभाई रडले. पन्नाशीतला दांडगा माणूस महिन्याभरात वाकला. जिना चढताना तो स्वतःच्या छातीचं ऐकत चढायचा.

आणि भाभी! भाभींनी कंबर कसली. हारूनभाईंचं जेवण वेगळं, बिनमिठाचं. पाण्याचे मोठे बाटले पूर्वी ते चढवायचे, आता भाभी चढवायच्या. गॅसचा सिलिंडर भाभी ढकलत आणायच्या. लायसन्स त्यांनी झरीनच्या शाळेसाठी कधी काळी काढलं होतं; आता त्याच रोज पहाटे हारूनभाईंना बाजारात सोडायच्या, दुपारी आणायच्या, तपासणीला न्यायच्या. एकदा माझी गाडी गॅरेजला होती तेव्हा मीही त्यांच्या मागच्या सीटवर बसून अल् खुवैरपर्यंत गेले. सुलतान काबूस रस्त्यावर गाड्या कशा पळतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. भाभी स्टिअरिंगला घट्ट धरून, शेजारी हारूनभाई हातात तसबीहची माळ घेऊन. मी मागून भाभींना म्हणाले, "भाभी, तुम्ही आहात म्हणून हारूनभाई आहेत हो." त्या आरशातून हसल्या.



खुर्चीवर नमाज पढूनही फरक पडेना. थायलंडच्या बाई रोज विचारत होत्या, तुमच्याकडचे डॉक्टर करतात काय? डॉक्टर विचारत होते, तुमचा पट्टा बरोबर आहे ना? मैत्रीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. शेवटी ती म्हणाली, वहिनी, आपण त्यांच्या घरी जाऊन बसू. पट्ट्याच्या नोंदी माझ्या फोनवर लगेच दिसतात. नमाजच्या वेळी नेमकं काय होतं ते समोरच बघू.

संध्याकाळी गेलो. भाभींनी सुरमई तळायला काढली होती. मैत्रीने फोन उघडून मांडीवर ठेवला; हिरवी रेघ कशी छान उड्या मारत होती. मगरिबची अजान झाली. हारूनभाई उठले, मनगटावरचा पट्टा सोडवला, आणि भाभींना हाकही मारली नाही. तरी भाभी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि मनगट पुढे केलं. हारूनभाईंनी पट्टा त्यांच्या हातावर चढवला, चाचपून बघितला आणि वुजू करायला आत गेले.

मी मैत्रीकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं.

"भाभी," ती कशीबशी म्हणाली, "हे काय?"

"काय म्हंजे? पानी लागलं पायजे ना मनगटाला, नायतर वुजू होत नाय. आनि नमाजमदी ती हिरवी बत्ती लुकलुकते, त्यांचं ध्यान जातं."

"पण तुम्ही का घातलात?"

भाभींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ही पोरगी पीएच.डी. करते तरी कशी! "तूच बोल्लीस ना, रिकामा ठेवायचा नाय? कातडीवर पायजे? मं मी घालते. त्यांची झाली की माझी पढते. जुम्म्याला ते मशिदीत जातात तवा जास्त येळ घालते. अमानत हाय बाय तुझी, आमी एक दिवस पन रिकामी ठेवली नाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

माझ्या डोक्यात एकदम काही शिरेना. हारूनभाई वुजू करून आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि नमाज सुरू केली. भाभी मला सांगायला लागल्या, "रश्मीबाय, डाक्तर बोल्ले मीठ बंद, पन निस्ती आळणी सुरमई त्यांच्या घशाखाली उतरत नाय, म्हनून मी मीठ…"

आणि थांबल्या. हात फ्रिजवर टेकला. डोळे उघडे, पण बघणं कुठे नाही. मी मैत्रीच्या मांडीवर बघितलं. रेघ सपाट झाली होती. नुसती सपाट. माझ्या स्वतःच्या छातीत धडधड एवढी वाढली की कानात ऐकू येत होती, आणि समोर ती रेघ काही उठायला तयार नाही. 

मग रेघेने उडी मारली. दुसरी मारली.

"…म्हनून मी मीठ वेगळंच काढते, वरनं चिमूटभर," भाभी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "काय गो? दोघी अशा काय बघताव?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते आम्ही असं जगलो. सगळा महिना दोन देशांतले शहाणे लोक एका ठणठणीत माणसाची छाती चाचपत होते. जिची छाती खरोखर बंद पडत होती ती त्याला आळणी जेवण वाढत होती आणि सिलिंडर ओढत होती. आणि तिच्या गाडीत बसून मी तिलाच वर शाबासकी दिली होती!

हारूनभाई नमाजमध्ये होते, मधे बोलायची सोय नव्हती. त्यांनी उजवीकडे मान वळवून सलाम केला, मग डावीकडे. डावीकडे आम्ही होतो. मैत्री भाभींच्या पायाशी बसून रडत होती.

"काय झालं?"

मी सांगितलं. ते खुर्चीवरून उठले आणि खुर्ची त्यांच्यामागे पडली. भाभींसमोर येऊन उभे राहिले, त्यांच्या मनगटाकडे बघत. "खुदेजा? तुला चक्कर येते?"

"जरा येते. सगल्यांनाच येते."

"सगल्यांना नाय येत!" ते असे ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं. "मला कंदीच आली नाय!"

दवाखान्यात मी गाडी चालवली. भाभींना वाटेत परतायचं होतं, सुरमई ओट्यावर उघडी राहिली म्हणून. डॉक्टरांनी तोच आलेख काढला जो हारूनभाईंचा चोख निघाला होता, आणि कागद बघता बघताच नर्सला हाक मारली. हृदयाला ठोका देणारी जी नैसर्गिक कळ असते ती भाभींची बिघडली होती. त्यांनी विचारलं, हे कधीपासून होतंय? भाभी आठवत बसल्या. झरीन पोटात होती तेव्हा पाण्याच्या नळावर एकदा पडल्या होत्या, मग सासूच्या मयताच्या दिवशी, मग अधूनमधून. "कुनाला सांगायचं काय? बसलं की बरं वाटतं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. वाकल्याने नस दाबली जाते हे त्यांनीच सांगितलं होतं ना. मला त्यांचा राग आला. मैत्रीचा आला. उघड्यावर काम करणारे पुरुषच हवेत असं ज्यांनी कुणी ठरवलं त्यांचा आला. ट्रकापाशी ऊन असतं आणि त्या खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात काय असतं, थंडी?

ऑपरेशन सकाळी ठरलं. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, पेसमेकर. हारूनभाई आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. मैत्रीला थायलंडहून उत्तर आलं. बाईंनी फार मायेने लिहिलं होतं, आधी त्यांचे उपचार, बाकी सगळं नंतर. खाली एक ओळ होती, की त्या वेळांच्या नोंदी सहभागी व्यक्तीच्या नसल्यामुळे अभ्यासातून काढून टाकाव्या लागतील. नियमच तसा. मैत्रीने मला फोन दाखवला आणि खाली मान घातली. मला हसावं की भांडावं कळेना. भाभींचा जीव ज्या नोंदींनी वाचवला, नेमक्या त्याच चुकीच्या!

डॉक्टर बाहेर आले. यंत्र बसलं, ठोका नीट चाललाय, आता काळजी नाही. हारूनभाईंनी तिथेच फरशीवर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. कितीतरी दिवसांनी.

ते उठतात तोवर त्यांच्या खिशात भाभींचा फोन वाजला. झरीन होती. तिला आम्ही अजून काही कळवलं नव्हतं. हारूनभाईंनी स्पीकर लावला.

"अम्मी, फोन का नाय उचललास काल? अब्बा बरे आहेत ना? परत थांबलं का त्यांचं?"

"झरीन, मी बोलतो. माझं कंदी थांबलंच नव्हतं गो."

"म्हणजे? मग कुणाचं?"

हारूनभाई बाकावर बसले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा, वुजू, सुरमई, पेसमेकर, आणि अम्मी आता शुद्धीवर आहे, धोका टळलाय.  

"रश्मीआंटी," ती म्हणाली, "अब्बांना गाडी देऊ नको, तू चालव, असं अम्मीला मीच सांगितलं होतं. ती म्हणत होती, मला जरा भीती वाटते गो. मी तिच्यावर ओरडले. मी म्हटलं, अम्मी, तुला काय धाड भरलेय?"